पित्याला पत्र, साष्टीला पुराण

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव प्रथम घेतले जाते, आणि नाव घेतले की 'क्रिस्तपुराणा'तील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या म्हटल्या जातात. समारंभ बहुधा तेथेच संपतो. १०,९६२ ओव्यांच्या ग्रंथातील मूठभर ओव्या पाठ करायच्या आणि उरलेला ग्रंथ कपाटात ठेवायचा, ही रीत आम्हांस नेहमीच खटकत आली आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या ग्रंथाकडे जरा वेगळ्या वाटेने जाऊ इच्छितो. ती वाट फादरांच्या पत्रांतून जाते. एक पत्र पित्याला, एक भावाला आणि एक वरिष्ठांना. ही तीन पत्रे पुराणाच्या शेजारी ठेवून वाचली, तर दूरदेशी गेलेल्या धर्मसेवकाविषयीच्या आपल्या रूढ कल्पना पुन्हा तपासून घ्याव्या लागतात.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. त्या काळी तेथे कॅथलिक राहणे म्हणजे राजरोषास पात्र होणे. १५७५ साली रोम येथे त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन येथून हिंदुस्थानकडे जाणाऱ्या पाच गलबतांच्या ताफ्याबरोबर ते निघाले. २४ ऑक्टोबरला ते गोव्यास पोहोचले आणि अवघ्या सतरा दिवसांनी, १० नोव्हेंबर रोजी, त्यांनी लंडनमधील आपल्या व्यापारी पित्यास पत्र लिहिले. पुढे हॅक्लूट यांच्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात ते छापले गेले, म्हणून आज आपल्या हाती आहे.

हे पत्र वाचताना पहिली गोष्ट जाणवते ती तिच्या आरंभाची. तीस वर्षांचा हा संन्यस्त पुत्र पित्याजवळ रोजच्या आशीर्वादाची याचना करतो आणि आईलाही नमस्कार कळवतो. आपल्याकडे रात्रीची रोझरी संपली की मुले वडीलधाऱ्यांपुढे हात जोडून आशीर्वाद मागत. गोव्याची मंडळी त्यास 'बेसांव' म्हणतात. इंग्रज घरातील हा पुत्र तेच मागतो आहे, फक्त मध्ये सात महिन्यांचा समुद्र आहे. त्यानंतर येते प्रवासाचे वर्णन. ताफा निघतानाचे कर्णे आणि तोफा, गलबतावरील मुले व स्त्रिया, वाऱ्यांची लहर, मासे आणि पक्षी. पाणी व अन्न कमी पडल्याने लोकांच्या हिरड्या सुजतात, पाय सुजतात, हातपाय हलेनासे होतात. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली, त्यांपैकी सत्तावीस दगावली, आणि जाणकारांनी हा आकडा थोडाच मानला, हेही तो नोंदवतो. पत्राच्या अखेरीस गोव्याच्या झाडांचा विषय निघतो. द्राक्षवेल सोडली तर युरोपात पाहिलेल्या झाडासारखे एकही झाड येथे दिसले नाही, आणि ती वेलही येथे निरुपयोगी, असे तो कळवतो. प्रकृतीने साथ दिली तर पुन्हा लिहीन, असे म्हणून तो निरोप घेतो.

संपूर्ण पत्रात 'मला घराची आठवण येते' असा अर्थ कोठेही उघड मांडलेला नाही. काही वाचकांना यात भावनेचा कोरडेपणा वाटेल. आमचे मत निराळे आहे. चिंचपोकळीच्या वाचकांस हे समजावयास अवघड नाही. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा येथील चाळींत एकेका खोलीत दहा-पंधरा गडी राहत. बायकामुले कोकणात किंवा घाटावर, जेवण खानावळीत, आणि महिन्याकाठी घरी मनिऑर्डर. त्या मनिऑर्डरच्या फॉर्मवर चार शब्द लिहिण्यापुरती जागा असे. तेथे कोणी आपले दुःख लिहीत नसे. 'मी खुशाल आहे, काळजी नसावी' एवढेच लिही. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, पण त्या चार शब्दांचे वजन येथील घरांना अजून ठाऊक आहे. दूर गेलेला मुलगा आपली व्यथा सांगत नाही, कारण ती ऐकून घरचे काहीच करू शकणार नसतात. तो झाडांविषयी सांगतो. द्राक्षवेलीचा तो उल्लेख म्हणूनच आम्हांस सर्वांत बोलका वाटतो. परक्या भूमीवर त्याची नजर प्रथम ओळखीचे काय आहे ते शोधते. एकच वेल ओळखीची सापडते, आणि तीही येथे फळाला येत नाही.

दुसरे पत्र २४ ऑक्टोबर १५८३चे, भाऊ रिचर्ड यास लिहिलेले. गोव्यात येऊन चार वर्षे झाली होती. दोन वर्षांपूर्वी, डिसेंबर १५८१ मध्ये, लंडनमध्ये एडमंड कॅम्पियन या येशूसंघी धर्मगुरूस देहदंड झाला होता. म्हणजे घराचा दरवाजा स्टीफन्स यांच्यामागे बंद झाला होता. इकडे साष्टीत, जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रुडॉल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांची हत्या झाली होती. दोन्हीकडे असे अंधारून आले असता हा माणूस भावाला कळवतो की, येथील भाषांचे उच्चार कानाला गोड आहेत आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी नाते सांगते. विल्यम जोन्स यांनी संस्कृतविषयी असाच विचार १७८६ साली मांडला, त्याच्या दोन शतके आधीची ही नोंद आहे. भाषाशास्त्राचे अभ्यासक तिचे महत्त्व जाणतात. आम्हांस तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ओळखीचे झाड शोधणाऱ्या नजरेला आता ओळखीची भाषा सापडली आहे. परक्या लोकांच्या बोलण्यात त्याला आपल्या शाळेतील व्याकरणाचे नातेवाईक भेटले आहेत.

तिसरे पत्र १६०८चे, येशूसंघाचे महाप्रमुख क्लॉदिओ आक्वाविवा यांस लिहिलेले. कुंकळ्ळीत मारले गेलेले रुडॉल्फ हे त्यांचे पुतणे. साठीच्या घरात आलेले स्टीफन्स त्यांच्याकडे एकच मागणे मागतात: या भूमीच्या भाषेत आणि याच भूमीच्या लिपीत पुस्तके छापली जावीत. अक्षरांचे साचे फार लागतात ही अडचणही ते प्रामाणिकपणे मांडतात. ते घडले नाही. १६१६ साली रायतूर येथे 'क्रिस्तपुराण' छापले गेले ते रोमन लिपीत. पहिल्या पत्रातील 'येथे' आणि तिसऱ्या पत्रातील 'येथे' यांत केवढे अंतर पडले आहे! पहिला शब्द पाहुण्याचा आहे, दुसरा घरच्या माणसाचा.

आता पुराणाकडे वळू. ग्रंथाच्या प्रारंभी त्याच्या निर्मितीचे कारण सांगितले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तर गेली, त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही का देत नाही? या प्रश्नाकडे आपल्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. साष्टीतील देवळे १५६७च्या सुमारास राजसत्तेच्या बळावर पाडली गेली होती. ज्या घरांत संध्याकाळी ओवी ऐकू येई, ती घरे मुकी झाली होती. ही माणसे आपल्याच अंगणात परकी झाली होती. त्यांचा प्रश्न ज्याच्यापुढे आला तोही घराला पारखा झालेला. आमच्या मते 'क्रिस्तपुराण' या दोन परकेपणांच्या भेटीतून जन्मले. म्हणूनच त्यात ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वाटेने आलेली ओवी आहे, स्वर्गाला 'वैकुंठ' हा शब्द आहे, आणि ऐकणाऱ्याला समोर बसवून कथा सांगण्याची रीत आहे. भाषास्तुतीच्या ओव्या या संदर्भात वाचल्या, तर त्या निव्वळ कौतुकाच्या राहत नाहीत. ज्यांचे पुराण गेले त्यांना दिलेले ते आश्वासन ठरते.

ग्रंथाच्या मर्यादाही स्पष्ट सांगावयास हव्यात. उपदेशासाठी कथा अनेकदा थांबते. एतद्देशीयांच्या जुन्या श्रद्धांविषयी कवीची भाषा कठोर होते, आणि ज्या सत्तेने त्या घरांतील पुराणे हिरावली त्या सत्तेच्या छायेतच हे पुराण लिहिले गेले. करुणा आणि सत्ता यांचा हा गुंता सोडवून केवळ एकच धागा दाखवणे हे चरित्रकाराचे काम असेल, समीक्षकाचे नव्हे. त्या सत्तेनेच पुढे, १६८४ साली, स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ जगला तो मुख्यतः गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी हस्तलिखिते जपली म्हणून. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूरची आवृत्ती निघाली. घर सोडावे लागलेल्यांनीच घर सोडलेल्याचा ग्रंथ राखला.

मग आजच्या वाचकाने यातून काय घ्यावे? आपल्या घरांतील मुलेमुली आजही धर्मगुरू आणि धर्मभगिनी होऊन दूरदेशी जातात. मिशन रविवारी आपण त्यांच्या त्यागाचे गोडवे गातो आणि त्यांना एकाएकी माणसांतून उठवून मखरात बसवतो. स्टीफन्स यांची पत्रे सांगतात की, दूर गेलेला मनुष्य कुटुंब टाकून देत नाही. घरी शिकलेली आशीर्वाद मागण्याची रीतच तो पुढे परक्यांच्या घरी घेऊन जातो. अशा मुलाला फोनवर 'बरा आहेस ना?' एवढेच विचारून थांबू नये. तेथली झाडे कशी आहेत, लोक कोणत्या भाषेत रडतात व हसतात, ती भाषा तुला कितपत येते, हे विचारावे. त्याचे खरे दैनंदिन जीवन तेथे आहे.

आणि एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारावा. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी हे पुराण देवनागरीत आणले, १९९६ साली कारिदाद द्रागो यांनी त्यास मराठी गद्याची जोड दिली. म्हणजे १६०८चे ते मागणे साडेतीन शतकांनी का होईना, पुरे झाले. आता लिपी आहे, ग्रंथ आहे. परंतु आपल्या किती घरांतील नातवंडांना तो वाचता येईल? एका इंग्रजाने चाळीस वर्षे खर्चून आपली केलेली भाषा आपल्याच घरात परकी होऊ लागली असेल, तर साष्टीच्या त्या ब्राह्मणाचा प्रश्न उद्या आपली मुलेच आपल्याला विचारतील. या चातुर्मासासारख्या लांबलेल्या पावसाळी संध्याकाळी रोझरीनंतर पाच ओव्या मोठ्याने वाचून पाहाव्यात. अर्थ पहिल्या दिवशी लागणार नाही. स्टीफन्स यांनाही पहिल्या दिवशी लागला नव्हता.