संगणकीय खेळांतील खेळाडूकृत बदल : मूळ कर्ता, प्रक्षेप आणि परवानगी

सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यात कृष्णा आणि तारळी यांच्या संगमाजवळ वसलेले उंब्रज हे गाव समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एका मारुतीमुळे प्रसिद्ध आहे. त्याखेरीज पुणे-बंगळूर महामार्गाने साताऱ्याहून कराडकडे जाणाऱ्या प्रवाशाला ते एसटीचा एक थांबा म्हणूनही ठाऊक असते. या एसटीला अलीकडे आणखी एक रस्ता सापडला आहे. इंडोनेशियातील मालेओ या संस्थेने २०१७ मध्ये 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा मोबाइलवरील खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या कर्त्यांसमोर होत्या जावा बेटावरील बसगाड्या आणि त्यांचे भोंगे. तथापि आज महाराष्ट्रातील असंख्य मुले याच खेळात लाल रंगाची एसटी चालविताना दिसतात. ही एसटी कंपनीने दिलेली नाही. खेळाडूंनी स्वतः गाडीचे त्रिमितीय प्रतिरूप तयार केले, त्यावर रंग चढविला, पाटी लावली आणि ते इतरांना वाटले. कंपनीने केले ते एवढेच, की बाहेरून केलेली गाडी खेळात घेता येईल अशी सोय ठेवली. अशा बदलास खेळाडूंच्या परिभाषेत 'मॉड' म्हणतात. खेळाच्या निर्मात्यांनी असे बदल करण्यास साहाय्य करावे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आरंभीच एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. आपल्याकडे 'मॉड' हा शब्द बऱ्याचदा कुलूप फोडून फुकट केलेल्या खेळाच्या प्रतीलाही लावला जातो. त्या प्रतीत खेळाडूला आयते पैसे मिळतात, विकतची हत्यारे मोफत मिळतात, आणि पुष्कळदा सोबत एखादा घातक विषाणूही मिळतो. ती सरळ चोरी होय. येथे अभिप्रेत असलेला मॉड म्हणजे मूळ खेळ जवळ बाळगून त्यावर स्वतःच्या श्रमाने केलेली भर. या दोहोंना एकच नाव पडल्यामुळे पालक आणि प्राध्यापक दोघेही दुसऱ्याकडे पहिल्याच्या नजरेने पाहतात.

एसटीचाच दाखला पुढे नेता येईल. राज्य मार्ग परिवहन महामंडळाने दीर्घकाळ टाटा आणि अशोक लेलँड यांच्याकडून केवळ चॅसिस विकत घेतल्या आणि दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील आपल्या मध्यवर्ती कार्यशाळांत त्यांवर गाड्यांची बांधणी केली. इंजिन कंपनीचे, आसने व खिडक्या महामंडळाच्या. या व्यवहारात चॅसिस बनविणाऱ्याचा अपमान झाला असे कोणी म्हटले नाही. कारण चॅसिस मुळातच वर काहीतरी बांधले जाईल या अपेक्षेने बनलेली होती. कोठे भोक पाडावे आणि कोठे पाडू नये हे ठरलेले होते. खेळाच्या निर्मात्याने साहाय्य करावे म्हणजे काय करावे, याचे उत्तर बहुतांशी या उदाहरणात आहे. प्रत्येक बदलाची जबाबदारी त्याने घ्यावी असा त्याचा अर्थ नाही. जोडणीच्या जागा त्याने मोकळ्या ठेवाव्यात आणि त्या जाहीर कराव्यात, एवढाच आहे.

हे तंत्र नवे नाही. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचे मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी खेळाची आज्ञावली आणि नकाशे, चित्रे, ध्वनी ही सामग्री निरनिराळ्या फायलींत ठेवली होती. त्यामुळे मूळ सामग्री न पुसता खेळाडूला स्वतःचा नकाशा स्वतंत्र फायलीत लिहिता येई. कंपनीची अट अशी होती, की हे बदल विकत घेतलेल्या प्रतीवरच चालावेत. या अटीत व्यापारी शहाणपण होते, कारण मॉड हवा असणाऱ्याला खेळ विकत घ्यावा लागे. पुढे १९९८ च्या 'हाफ-लाइफ' या खेळावर मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' हा मॉड रचला. वॉल्व्ह कंपनीने दोघांनाही आपल्याकडे घेतले आणि २००० मध्ये तो स्वतंत्र खेळ म्हणून विक्रीस आणला. आपल्या महाविद्यालयांच्या वसतिगृहांत आणि सायबर कॅफेंत एका संपूर्ण पिढीने जो खेळ खेळला, तो मूळचा एक फुकटचा मॉड होता. 'पब्जी'ची कथाही तीच आहे. ब्रेंडन ग्रीन या आयरिश तरुणाने 'आर्मा' या लष्करी खेळमालेवर मॉड करता करता शेवटच्या जिवंत माणसापर्यंत चालणाऱ्या झुंजीची रचना घडविली, आणि २०१७ मध्ये त्यातून तो स्वतंत्र खेळ झाला. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने त्याच्या मोबाइल आवृत्तीवर बंदी घातली, तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती व्यसनाची आणि चिनी भांडवलाची. त्या खेळाचा जन्म खेळाडूच्या हातून झाला होता, ही बाब त्या चर्चेत सहसा आली नाही.

या यशाच्या गोष्टी सांगून मॉडची बाजू जिंकता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. हजारो मॉडांतून एखादाच 'काउंटर-स्ट्राइक' निपजतो. विरोधातील आक्षेप तर खरेच वजनदार आहेत. अनेकांनी एकाच वेळी खेळावयाच्या स्पर्धात्मक खेळात एकाने केलेला बदल म्हणजे दुसऱ्यावरील अन्याय होय; बुद्धिबळाच्या पटावर एखाद्याने गुपचूप दुसरा वजीर ठेवावा तसे ते आहे. तेथे निर्मात्याने मनाई केली तर ती योग्यच. दुसरा आक्षेप बालकांच्या सुरक्षिततेचा. त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास'. एका मॉडमुळे या खेळातील अश्लील प्रसंग उघडा पडला आणि जुलै २००५ मध्ये अमेरिकी मानांकन मंडळाने खेळाला केवळ प्रौढांसाठीचे मानांकन दिले. मात्र हे उदाहरण आक्षेपकांना वाटते तितके त्यांच्या बाजूचे नाही. तो प्रसंग कंपनीनेच रचून, नंतर बंद करून, विकलेल्या तबकडीत ठेवून दिलेला होता. मॉडकर्त्याने फक्त कडी काढली. घरात काय होते याचा जाब कडी काढणाऱ्याला विचारला गेला, हे न्यायाला धरून झाले असे म्हणता येत नाही.

तथापि मराठी वाचकाच्या मनातील खरा आक्षेप याहून जुना आहे. कर्त्याच्या कृतीत इतरांनी हात घालावा काय? या प्रश्नाशी आपल्या वाङ्मयाचा परिचय 'प्रक्षेप' या नावाने आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीन शतकांत इतक्या परक्या ओव्या शिरल्या, की शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांना अनेक प्रती ताडून पाठशुद्धी करावी लागली. यापुढे त्या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, असे त्यांनी अखेरीस कडक शब्दांत बजावलेही. उंब्रजच्या मारुतीची स्थापना करणाऱ्या रामदासांच्या बाबतीत त्यांच्या संप्रदायाने अधिक दक्षता घेतली. कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात जतन झाली आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांना ती आपल्या आवृत्तीसाठी उपयोगी पडली. अशी परंपरा असलेल्या समाजाने परकीय हस्तक्षेपाकडे संशयाने पाहणे स्वाभाविकच आहे.

पण एकनाथांचा रोष नेमका कशावर होता, हे नीट पाहिले पाहिजे. ज्ञानेश्वरीवर लिहिण्यास त्यांची हरकत असती तर त्यांनी स्वतः भागवतावर टीका लिहिली नसती. मूळ ग्रंथ घ्यावा, त्यावर स्वतंत्र ग्रंथ रचावा, खाली आपले नाव घालावे, ही तर मराठी वाङ्मयाची मुख्य वाट आहे. ज्ञानेश्वरीही गीतेवरच उभी आहे. दोष होता तो बेमालूम मिसळण्यात. वाचणाऱ्याला कर्त्याची ओवी कोणती आणि लेखकूची कोणती हे कळेनासे होते, म्हणून प्रक्षेप हा अपराध ठरतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीतही विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रक्षिप्त श्लोक नष्ट केले नाहीत. त्यांना तळटीपांत आणि परिशिष्टांत वेगळे आसन दिले.

या कसोटीवर पाहिले असता एक उलटीच गोष्ट हाती लागते. निर्मात्याने साहाय्य नाकारले म्हणून मॉड होणे थांबत नाही. ज्याला बदल करावयाचाच आहे तो मग संपूर्ण खेळाची प्रत फोडतो, आतील फायली बदलतो आणि ती बदललेली अख्खी प्रत वाटतो. मूळ आणि भर यांचा भेद तेथे संपतो. हाच खरा प्रक्षेप. उलट 'डूम'सारख्या खेळात भर स्वतंत्र फायलीत राहते, ती काढली की मूळ खेळ जसाच्या तसा उरतो. म्हणजे ज्याला आपली कृती शुद्ध राहावी असे वाटते, त्या निर्मात्यानेच मॉडसाठी वेगळी जागा करून देणे अधिक हिताचे आहे. पाठशुद्धीचा आग्रह आणि मॉडला परवानगी या गोष्टी परस्परविरोधी नाहीत.

येथवरचा विचार निर्मात्याच्या हक्काचा झाला. मॉडकर्त्याच्या हक्काविषयी निर्माते स्वतः किती उदार आहेत, हा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. जूलियन क्यूक्लिश या अभ्यासकाने २००५ मध्येच मॉडकर्त्यांच्या या विनावेतन श्रमाकडे लक्ष वेधले होते: खेळ म्हणून केलेल्या कामाचा नफा दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतो. एप्रिल २०१५ मध्ये वॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी 'स्कायरिम' या खेळाचे मॉड विकण्याची सोय केली, तेव्हा किमतीतील २५ टक्के मॉडकर्त्याला आणि उरलेले ७५ टक्के दोन कंपन्यांना अशी वाटणी ठरली. खेळाडूंच्या संतापामुळे ती योजना काही दिवसांतच गुंडाळावी लागली. ब्लिझर्ड कंपनीचे धोरण आणखी पुढचे. तिच्या 'वॉरक्राफ्ट ३'वरील एका मॉडमधून 'डोटा' हा खेळप्रकार निघाला आणि त्याचा मोठा लाभ वॉल्व्हला झाला. त्यानंतर २०२० मध्ये त्या खेळाच्या नव्या आवृत्तीसोबत ब्लिझर्डने असा नियम केला, की खेळाडूंनी रचलेल्या खेळांची मालकी कंपनीची राहील. जमीनदाराने विहीर खणू द्यावी आणि पाणी लागले की ती आपली म्हणावी, असा हा प्रकार आहे. यास साहाय्य म्हणणे कठीण आहे. मॉडकर्त्याचे नाव त्याच्या कामाबरोबर राहिले पाहिजे आणि त्यातील स्वतंत्र कल्पना पुढे अन्यत्र नेण्याची मुभा त्याला असली पाहिजे. एवढे नसेल तर केवळ साधने पुरवून निर्माता उपकारकर्ता ठरत नाही.

कायद्याचे म्हणणे थोडक्यात पाहता येईल. अमेरिकेत 'मायक्रो स्टार विरुद्ध फॉर्मजेन' या खटल्यात १९९८ साली नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने, 'ड्यूक न्यूकेम'साठी खेळाडूंनी केलेले ३०० नकाशे गोळा करून तबकडीवर विकणाऱ्या कंपनीविरुद्ध निर्णय दिला. ते नकाशे मूळ कथेचे अनुज्ञेविना केलेले उत्तरभाग ठरले. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ हा संगणक आज्ञावलीला साहित्यकृतीच मानतो आणि तिचे रूपांतर करण्याचा हक्क मालकाकडे ठेवतो. मात्र कलम ५२(१)(कक) नुसार प्रतीच्या कायदेशीर धारकाला, आज्ञावली ज्या प्रयोजनासाठी पुरविली असेल त्या प्रयोजनासाठी, तिचे रूपांतर करता येते. लेखकाच्या विशेष हक्कांविषयीच्या कलम ५७ मध्येही अशा रूपांतराविरुद्ध लेखकाला दाद मागता येणार नाही, असे परंतुक आहे. मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरील चित्रपटाच्या खटल्यात १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेऊन लेखकाच्या हक्काचा व्यापक अर्थ लावला होता. म्हणजे कादंबरीकाराला जी ढाल आहे ती आज्ञावलीकाराला तितकी भक्कम नाही. तरी 'ज्या प्रयोजनासाठी पुरविली' हे शब्द निर्णायक ठरतात. निर्मात्याने मॉडची साधने जाहीरपणे दिली असतील तर बदल करणे हेही पुरवठ्याचे एक प्रयोजन होते, असा युक्तिवाद विद्यार्थ्याला करता येईल. निर्माता गप्प राहिला तर तो आधार उरत नाही. शिवाय हे कलम स्वतःच्या प्रतीपुरते आहे. इतरांना मॉड वाटण्यास निर्मात्याची अनुज्ञाच लागते. गप्प बसणाऱ्या निर्मात्याचे काही बिघडत नाही, खेळाडू मात्र संशयित होतो.

मराठीच्या दृष्टीने या प्रश्नाचे महत्त्व वेगळे आहे. जगात खपणारे मोठे खेळ मराठीत निघत नाहीत, आणि निर्माते ते आपणहून मराठीत आणतील अशी आशा बाळगण्यास फारसा आधार नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'राजी'सारखे खेळ बोटांवर मोजता येतील इतकेच. तेव्हा मराठी भाषा, मराठी गाव, मराठी रस्ता या खेळांत येईल तो प्रथम खेळाडूंच्या हातूनच. एसटी तशीच आली. ती आणणाऱ्या मुलांनी ब्लेंडरसारखी मोफत आज्ञावली वापरून प्रतिरूपे रचण्याची विद्या बहुधा वर्गाबाहेरच मिळविली आहे, ही गोष्ट संगणकशास्त्र शिकविणाऱ्या विभागांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

मात्र मोकळी जागा अर्धवट ठेवली तर काय होते, हेही याच उदाहरणात दिसते. बसच्या कपाळावरील पाटी हे चित्र असते. तेथे खेळाडू हवे ते नाव रंगवू शकतो. परंतु खेळातील सूचना, यादी आणि संवाद हे अक्षरांच्या स्वरूपात असतात, आणि देवनागरीची जोडाक्षरे जुळविण्याची यंत्रणा अनेक खेळांच्या पायाभूत आज्ञावलीत नसते. ती बाहेरून बसविणे सामान्य मॉडकर्त्याच्या आवाक्यात नाही. ते काम चॅसिस बनविणाऱ्याचेच आहे. तोपर्यंत पाटीवर 'उंब्रज' शुद्ध उमटेल, आणि त्याच गावाचे नाव थांब्यांच्या यादीत टंकले की 'ब'चा पाय मोडून 'र' त्याच्यापासून सुटा उभा राहील.