रात्री नऊचा तास कोणाचा?

लोकांच्या मागणीवरून दूरदर्शन 'रामायण' ही मालिका पुन्हा दाखवणार, असे तत्कालीन माहिती व प्रसारण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी २७ मार्च २०२० रोजी जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी ती सुरू झाली. डीडी नॅशनलवर, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. त्याच दिवशी 'महाभारत'ही सुरू झाले, पण डीडी भारतीवर, दुपारी बारा आणि संध्याकाळी सात वाजता. जुन्या मालिका पुन्हा दाखवण्यात वावगे काही नाही. टाळेबंदीत चित्रीकरणे थांबली होती, माणसे घरात कोंडली होती. साठ्यात जे होते तेच दाखवणे भाग होते. माझा प्रश्न निराळा आहे. साठ्यातून काय काढायचे, ते कोणत्या वाहिनीवर आणि कोणत्या तासाला ठेवायचे, हे कोण ठरवतो आणि कशाच्या आधारे? आपले समीक्षक मालिकेची कथा तपासतात, अभिनय तपासतात. वेळापत्रक मात्र कोणी वाचत नाही. माझ्या मते या देशात वेळापत्रकालाही जात आहे.

खासगी वाहिन्यांचा हिशेब सरळ आहे. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेची यंत्रे २०२० च्या सुमारास देशभरात साधारण ४४ हजार घरांत होती. या मोजणीत घरांची प्रतवारी होते, तीही कशावरून? तर घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचे शिक्षण किती आणि ठरलेल्या अकरा वस्तूंपैकी घरात किती वस्तू आहेत, यावरून. जाहिरातदार या आकड्यांवर दर ठरवतो आणि वाहिनी त्या दरावर तास ठरवते. ज्या मालिकेची बाजारात खात्री असते ती मुख्य वाहिनीवर, ऐन संध्याकाळी. जिची खात्री नसते ती समूहाच्या धाकट्या वाहिनीवर. मे २०२० मध्ये तेच जुने 'रामायण' स्टार प्लसवर गेले आणि 'महाभारत' कलर्सवर. दोन्ही संध्याकाळी. बाबासाहेबांवरची हिंदी मालिका 'एक महानायक' डिसेंबर २०१९ मध्ये आली तेव्हा झी समूहाने ती झी टीव्हीवर नव्हे, अँड टीव्हीवर ठेवली. व्यापारी व्यापार करणार. पण हा व्यापार कोणाला ओसरीवर बसवतो आणि कोणाला अंगणात, हे आपण ओळखले पाहिजे.

दूरदर्शन मात्र व्यापारी नाही. १९९० च्या प्रसार भारती कायद्याच्या बाराव्या कलमात या संस्थेची कर्तव्ये लिहिलेली आहेत. सामाजिक न्याय वाढवणे, शोषण, विषमता आणि अस्पृश्यतेसारख्या दुष्ट प्रथांशी लढणे हे त्यांतले एक आहे. मग या कर्तव्याला कोणता तास मिळाला? त्या वर्षी १४ एप्रिलला मिरवणुका निघाल्या नाहीत. जयंती आपण घरातच केली, दारात दिवे लावून. त्या रात्री नऊ वाजता राष्ट्रीय वाहिनीवर 'रामायण'च होते. १६ एप्रिलच्या भागाला ७ कोटी ७० लाख प्रेक्षक लाभल्याचे दूरदर्शनने अभिमानाने सांगितले. १९ एप्रिलपासून त्याच तासाला 'उत्तर रामायण' आले, मे महिन्यात 'श्री कृष्णा'. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून 'सद्गती' हा चित्रपट १९८१ साली याच दूरदर्शनसाठी केला होता. ब्राह्मणाच्या दारात उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मरणाऱ्या दुखी चांभाराची ती कथा. साठा दूरदर्शनचाच. पण रात्री नऊच्या तासाला दुखीची पाळी आली नाही. संविधान कसे घडले हे दाखवणारी श्याम बेनेगल यांची दहा भागांची 'संविधान' ही मालिका २०१४ साली राज्यसभा टीव्हीवर आली होती. ती वाहिनी आपल्यापैकी किती घरांत लागत होती, हे वाचकांनी स्वतःला विचारावे.

यावर उत्तर ठरलेले आहे : लोकांची मागणीच तशी होती. मग ही मागणी कोणी, कधी आणि कशी मोजली?

मागणीचा एक जुना दाखला इथे सांगितला पाहिजे. १९८८ साली 'रामायण' राज्याभिषेकावर संपणार होते. सातवे कांड वगळले जाणार होते. महर्षी वाल्मीकींना आपले मानणारा सफाई कामगार यामुळे दुखावला. वाल्मीकींच्या आश्रमातली सीता आणि लव-कुश हे सारे त्या कांडात आहे. जालंधरच्या सफाई कामगारांनी झाडू खाली ठेवला. संप उत्तर भारतातल्या इतर शहरांत पसरला, कचरा साठला, रोगराईची भीती निर्माण झाली. तेव्हा सरकारने पुढचे भाग मान्य केले. म्हणजे २०२० च्या एप्रिलमध्ये रात्री नऊ वाजता देशाने जे 'उत्तर रामायण' पाहिले, ते झाडूवाल्यांच्या संपातून जन्मलेले होते. पुनःप्रक्षेपणाच्या कौतुकात या संपाची आठवण मला कुठे दिसली नाही. वरच्यांची मागणी न मोजता 'लोकांची मागणी' होते. आमची मागणी ऐकू जायला शहरात घाण साठावी लागते.

१९५६ साली ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांना जालंधरच्या बांधवांची मागणी पटणार नाही. मलाही पटत नाही. त्यांनी त्याच कथेत आपली जागा मागितली, आपण त्या कथेतून बाहेर पडलो. पण वेळापत्रक बदलता येते, हे त्यांनी सिद्ध केले. ते शिकण्यासारखे आहे.

१९८७ साली मी नाशिकरोडच्या वस्तीत शाळकरी पोर होतो. रविवारी साडेनऊला वस्तीतल्या एकुलत्या एका टीव्हीपुढे आम्ही दाटीवाटीने बसत असू. वर भिंतीला बाबासाहेबांची तसबीर, खाली वनवास. पंचवटीचे नाव निघाले की बाया म्हणत, "हे तं आपलंच गाव." माझी आजी तेवढी उठून बाहेर जाई. तिचे वडील काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. ती म्हणे, "गाव आपलं, पण दार कुठं आपलं?" मी तेव्हा आजीवर चिडायचो, कारण ती उठली की पोरांना पडदा दिसत नसे. आमच्याच लोकांनी ती मालिका पाहिली, रडून पाहिली, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसरे काही दाखवलेच नाही तर माणूस दिसेल ते पाहतो, आणि मग त्यालाच त्याची आवड म्हटले जाते.

काळारामचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे चालवला. १९३४ साली बाबासाहेबांनीच त्यांना तो थांबवायला सांगितले, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. तो लढा देवदर्शनासाठी नव्हता. सार्वजनिक जागेवर आमचा माणूस म्हणून हक्क आहे की नाही, याची ती कसोटी होती. सरकारी वाहिनीचा रात्री नऊचा तास हीसुद्धा सार्वजनिक जागा आहे. तिथे 'रामायण' दाखवू नका असे मी म्हणत नाही. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या रात्री त्या तासाला 'सद्गती' आणि 'संविधान' का नसावेत, एवढेच विचारतो.

हे विचारायला आज झाडू खाली ठेवण्याचीही गरज नाही. २००५ चा माहितीचा अधिकार प्रसार भारतीला लागू आहे. मार्च २०२० मध्ये किती पत्रे आली, आणखी कोणत्या मालिकांचा विचार झाला, बाराव्या कलमाची आठवण त्या बैठकीत कोणी काढली का, हे प्रश्न प्रत्येक महाविद्यालयातल्या चार विद्यार्थ्यांनी लिहून पाठवावेत. उत्तर येईल ते छापावे. न आले तर तेही छापावे.