पाच रुपये बारा आण्यांचा विनोद

बदलीच्या गावी चार मराठी माणसे एकत्र जमून एखादा जुना चित्रपट पाहतात, तेव्हा खरा खेळ चित्रपट संपल्यावर चहाच्या पेल्यांभोवती सुरू होतो. सत्येन बोस यांच्या 'चलती का नाम गाडी' (१९५८) या चित्रपटाने आमच्या मंडळींत असेच दोन तट पाडले. एका पक्षाच्या मते हा निव्वळ पोरखेळ. अशोककुमारांसारख्या नटाने त्यात वेळ का दवडावा? दुसरा पक्ष म्हणाला, दिवसभर फायली उपसणाऱ्या माणसाने दोन घटका हसू नये काय? विनोदाला कसले आले आहे तर्कशास्त्र!

आम्हांला दोन्ही पक्ष चुकलेले वाटतात. पहिला विनोदाला हलके लेखतो. दुसरा त्याची बाजू घेता घेता त्याला हलकेच ठरवतो.

पूर्वार्ध पाहावा. मोटारदुरुस्ती करणारे तीन भाऊ. त्यांतला थोरला मुष्टियोद्धा आणि स्त्रीद्वेष्टा. पावसाळी रात्री मधुबाला बिघडलेली मोटार घेऊन येते, किशोरकुमार ती दुरुस्त करतो आणि मजुरीचे पाच रुपये बारा आणे द्यायचे राहून जातात. एवढ्या थकबाकीवर सारी प्रेमकथा उभी आहे. वास्तविक १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी अमलात आली होती. नव्या हिशेबाने ही रक्कम पाच रुपये पंचाहत्तर नवे पैसे. पण आण्यांच्या बोलीतली लय त्या रकमेला कोठली? मजरूह सुलतानपुरी आणि सचिनदेव बर्मन यांनी वसुलीच्या तक्रारीचेच गाणे केले.

पावसातल्या गाण्याची चाल 'सिक्स्टीन टन्स' या खाणकामगाराच्या अमेरिकन गीतावरून उचलली आहे, हा पहिल्या पक्षाचा आक्षेप खरा आहे. परंतु त्या गीतात कामगार कर्जात बुडालेला आहे. येथे कामगाराचेच येणे निघणार आहे. चाल उसनी खरी, पण अर्थाची बाजू पालटली. याला पोरखेळ कसे म्हणावे?

उत्तरार्धात मात्र लेखकाचा धीर सुटतो. संपत्तीच्या लोभाने रचलेले कपट, कोंडून ठेवलेली स्त्री, अखेरची हाणामारी. हसू थांबते आणि गांभीर्यही येत नाही. पहिला पक्ष जे गांभीर्य मागत होता, ते चित्रपटाने उत्तरार्धात आणले, आणि नेमका तेथेच तो सैल पडला. विनोदाला तर्कशास्त्र नको म्हणणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे. देवलांच्या 'संशयकल्लोळा'ला शेवट गाठण्यासाठी खलपुरुष लागत नाही. फाल्गुनरावाचा एक संशय पाचही अंकांना पुरतो, कारण देवलांचा आपल्या विनोदावर विश्वास आहे. बोस यांच्यापाशी पाच रुपये बारा आणे होते. ते शेवटपर्यंत खासच पुरले असते.