चेंडूच्या मागोमाग बावीस देश

खेळावरील पुस्तकाचा परामर्श घेण्याचा प्रसंग आमच्यावर क्वचितच येतो. फुटबॉलशीं आमचा संबंध कॉलेजचे सामने कडेला उभें राहून पाहण्यापुरताच. तरीहि सायमन कूपर यांचें ‘फुटबॉल अगेन्स्ट द एनिमी’ हें १९९४ सालीं प्रसिद्ध झालेलें इंग्रजी पुस्तक आम्हीं दोन बैठकींत वाचून काढलें. कारण तें जितकें खेळाचें तितकेंच प्रवासाचें आहे. युगांडांत जन्मलेला, हॉलंडमध्यें वाढलेला व ऑक्सफर्ड येथें शिकलेला हा तरुण पाठीवरील पिशवींत टंकलेखनयंत्र घेऊन निघाला आणि नऊ महिन्यांत बावीस देश हिंडला. या खेळांत लोकांचें राजकारण, वैर व अभिमान कसे मिसळतात, एवढाच त्याचा सर्वत्र प्रश्न.

मराठी वाचकास येथें गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. भटजी वरसईहून निघाले ते दक्षिणेच्या आशेनें. त्यांच्या दृष्टीस पडलें तें १८५७ चें बंड. कूपर यांचा चेंडूहि या दक्षिणेसारखाच निमित्तमात्र आहे. परक्या माणसास त्याचें राजकीय मत विचारलें तर तो संशयानें पाहतो. आवडता संघ विचारला तर घरांत नेऊन बसवितो. या निरीक्षणावर सारें पुस्तक उभें आहे.

हॉलंडचें प्रकरण पहा. २१ जून १९८८ रोजीं हॅम्बुर्ग येथें डचांनीं पश्चिम जर्मनीस २–१ असें हरविलें आणि हॉलंडभर लोक रस्त्यावर लोटले. १९४० पासून पांच वर्षें सोसलेल्या जर्मन अमलाचा सल त्या रात्रीं वर आला. परंतु आमच्या मतें पुस्तकाचा कळस आहे तो बर्लिनच्या प्रकरणांत. पूर्व बर्लिनमधील एका गृहस्थाचा जीव हेर्था या संघावर. १९६१ सालीं भिंत उभी राहिली आणि संघ पलीकडे गेला. मैदान भिंतीजवळच असल्यामुळें अलीकडचे चाहते तिच्यापाशीं जमत आणि पलीकडे गजर झाला कीं आपणहि गजर करीत. पुढें गुप्त पोलिसांनीं या गृहस्थाच्या निष्ठेचें दप्तरच ठेवलें. येथें लेखक थांबतो व मन लावून ऐकतो.

असें थांबणें त्याला सर्वत्र साधलेलें नाहीं. नऊ महिन्यांस बावीसांनीं भागलें तर प्रत्येक देशाच्या वांट्यास जेमतेम बारा दिवस येतात. १९७८ सालीं, लष्करी राजवटींत, अर्जेंटिनास विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत पोंचण्यासाठीं पेरूविरुद्ध चार गोलांचें आधिक्य हवें होतें; विजय मिळाला तो ६–० असा. तो सामना आधीं ठरविलेला होता, या प्रवादाचा मागोवा लेखक घेतो. पण वाटसरूस साक्षी मिळाली तरी उलटतपासणीस मुक्काम लागतो. भटजींनीं आपली हकीकत पुष्कळ वर्षांनीं, घरीं बसून लिहिली. तींत स्मृतीचे दोष असतील. परंतु अनुभव मुरण्यास अवधि मिळाला होता. वाटेंतच नोंद करणाऱ्याजवळ ताजेपणा असतो, अवधि नसतो.

असो. हा दोष मान्य करूनहि पुस्तक घरांत असावें असें आम्ही म्हणूं. खेळाच्या वेडापायीं मुलें अभ्यास बुडवितात, ही तक्रार आम्हीं वर्षानुवर्षें केली. त्याच वेडाच्या वाटेनें परक्याच्या मनांत शिरतां येतें, हें मात्र आम्हांस या पुस्तकानें उशिरा शिकविलें.