संख्या आणि सही

अमेरिकेतील टेनेसी राज्यात व्हिटवेल नावाचे लहान गाव आहे. १९९८ साली तेथील शाळेत नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा अभ्यास सुरू झाला. साठ लाख म्हणजे किती, हे मुलांना उमगेना. तेव्हा त्यांनी कागदाला लावायच्या क्लिपा जमवायला घेतल्या. नाझी अमलात नॉर्वेतील माणसे निषेध म्हणून कपड्यांना क्लिप लावीत, त्यावरून ही कल्पना सुचली. आज शाळेच्या आवारात जर्मन रेल्वेचा जुना मालडबा उभा आहे. त्यात ज्यू, रोमा आणि इतर बळींच्या स्मरणार्थ एक कोटी दहा लाख क्लिपा आहेत.

या मुलांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. माझा आक्षेप कलेच्या अंगाने आहे. एक क्लिप दुसरीसारखीच असते. आउश्वित्झमध्ये मारेकऱ्यांनी माणसांच्या हातावर आकडे गोंदले. स्मारकानेही पुन्हा आकडाच मांडावा काय?

याउलट तेरेझीनच्या छळछावणीतील चित्रकलेचे वर्ग पाहावेत. बाउहाउसमध्ये शिकलेल्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस तेथे कैदेत असताना मुलांना चित्रकला शिकवीत. चित्रावर स्वतःचे नाव घाला, असा त्यांचा आग्रह असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना आउश्वित्झला नेऊन मारण्यात आले. मागे राहिलेल्या दोन सुटकेसींत सुमारे साडेचार हजार चित्रे होती. ती आता प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. चित्रे काढणारी बहुतेक मुले मारली गेली. पण हे फूल कोणाचे, हे घर कोणाचे, ते सहीमुळे कळते. ज्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी मोडून उच्चारली, त्या आपल्याला या सहीचे मोल सांगायला नको.

तेरेझीनची चित्रे बळींची आणि क्लिपा परक्यांच्या, मग तुलना कशी, असे कोणी म्हणेल. मी तुलना करतो ती शिक्षक मुलाकडून काय मागतो याची. क्लिपा मोजणाऱ्या मुलाला ‘मी कोण?’ असे विचारावे लागत नाही. याच टेनेसीतून १८३८ साली चेरोकी लोकांना लष्कराच्या पहाऱ्यात हाकलून लावले. हजारो वाटेत मेले. त्या जमिनीवर आज माझे घर आहे, हे चित्रात मांडून खाली सही करायची, तर मुलाचा हात थबकेल. आत्मभान तेथून सुरू होते.

दूरच्या मृतांविषयी करुणा सोपी असते, कारण ती आपल्याकडून काही मागत नाही. शाळेतील कलेने मुलाला रडवले की नाही, हा माझा निकष नाही. तिने त्याला स्वतःच्या इतिहासाखाली सही करायला लावले काय, एवढेच मी विचारीन.