‘शिल्लक’ शब्दाची चार रूपे

माझ्याकडे एका बँकेच्या कागदांचे पाकीट आहे. पासबुक, खाते उघडण्याचा अर्ज, ठेवींचे माहितीपत्रक आणि एटीएमच्या पडद्याचे मी काढलेले छायाचित्र. चारही ठिकाणचा इंग्रजी मजकूर एकाच वळणाचा आहे. बोधचिन्ह झाकले तरी बँक ओळखू येते. ‘शिल्लक’ हा मराठी शब्द मात्र चार ठिकाणी चार तऱ्हांनी उमटला आहे. पत्रकावर मराठी वळणाचा, पाकळ्यांचा ‘ल’. पडद्यावर हिंदी छपाईत रुळलेला, दंडाचा. टंकविद्येचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. या एका शब्दाने मला त्या वाटेला लावले.

‘एकच टंक सगळीकडे’ हा ब्रँडविद्येतला पहिला धडा. त्याचे बोलके उदाहरण लंडनच्या भुयारी रेल्वेचे. तिथल्या फ्रँक पिक यांनी सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन यांच्याकडून खास अक्षरे करवून घेतली. १९१६ पासून ती वापरात आली. जाहिरातींच्या गर्दीत रेल्वेचा स्वतःचा शब्द उतारूला चटकन वेगळा दिसावा, ही त्यामागची गरज होती. १९७९ मध्ये एइची कोनो यांनी ती अक्षरे नव्याने आखली. २०१६ मध्ये मोनोटाइपने ती पुन्हा घडवली, तेव्हा हॅश आणि ॲट ही चिन्हेही तयार झाली. शंभर वर्षांत अक्षर बदलत गेले, तरी ओळख टिकली. कारण बदल करताना जुन्या अक्षराची जाण असलेले कोणीतरी तिथे होते.

आपल्याकडे मराठी अक्षरापाशी असे कोण असते? युनिकोडमध्ये दोन्ही ‘ल’ना क्रमांक एकच. कोणते रूप दिसावे हे फाँट आणि मजकुराला लावलेली भाषेची खूण मिळून ठरवतात. बऱ्याच फाँटांत दोन्ही रूपे असतात. पण खूण हिंदीची असली, किंवा मुळीच नसली, की मराठी वाक्यात दंडाचा ‘ल’ येऊ शकतो. म्हणजे फाँट एकच ठेवूनही एकरूपता साधेलच असे नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे मान्य केली आहेत, पण कंपनीचा पडदा शासन निर्णय वाचत नाही. कोणीतरी तो त्याला वाचून दाखवावा लागतो.

ओळींतल्या अंतराचेही तेच. ते इंग्रजीच्या मापाने बेतले की वेलांटी, रफार, अनुस्वार वरच्या ओळीतल्या उकारांना भिडतात किंवा छाटलेच जातात. ‘कर्ज’ या शब्दातला रफार गेला की उरतो ‘कज’. बँकेच्या कागदावर ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

यावर आक्षेप येतो, की दोन्ही ‘ल’ सगळ्यांना वाचता येतातच. खरे आहे, मीही दोन्ही वाचतच मोठा झालो. हिंदी वळणाशी माझे भांडण नाही. हिंदी मजकुरात ते शोभतेच. प्रश्न निवडीचा आहे. पाकिटातल्या इंग्रजी अक्षरांमागे कोणाची तरी निवड दिसते, मराठी अक्षरांमागे यंत्राची सोय. ज्याच्यासाठी निवड केली जाते तो ग्राहक. सोयीने जे उमटेल ते ज्याने वाचायचे, तो केवळ खातेदार.

उपाय खर्चिक नाही. नियमपुस्तिकेत मराठीसाठी चार ओळी हव्यात: फाँट कोणता, भाषेची खूण कोणती, ओळींत अंतर किती, आणि छपाईपूर्वी मराठी वाचणाऱ्या कोणाच्या नजरेखालून मजकूर जाणार. यांतली चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची. ती असली तर पहिल्या तिन्हींतल्या चुका वेळीच सापडतील.

तोवर माझे पाकीट फुगत राहील. परवाच एक नवे पत्रक त्यात घातले. त्यात ‘शिल्लक’ पाचव्या तऱ्हेने छापले आहे.