झॅबिक्समधले ग्रुप आणि माझं फसलेलं प्रकरण

रिसर्चला सुरुवात करताना डेटा कुठून मिळणार हे तुम्हाला सगळे विचारतील. तो डेटा कुठल्या कप्प्यात ठेवलाय आणि ते कप्पे कुणी, कशासाठी केले, हे मात्र कुणी विचारणार नाही. मलाही कुणी विचारलं नव्हतं.

माझा विषय कॅम्पस नेटवर्कमधले बिघाड. कुठल्या इमारतीतले स्विच जास्त वेळा बंद पडतात आणि का, एवढाच साधा प्रश्न. देखरेखीसाठी झॅबिक्स होतं, त्यात प्रत्येक इमारतीचा एक होस्ट ग्रुप आधीच केलेला. मी दीड वर्षाचे बिघाड ग्रुपवार मोजले आणि तक्ता करून मॅडमना दाखवला. नवीन वसतिगृह सगळ्यात वर. मॅडमनी एवढंच विचारलं, "हे वसतिगृह तेव्हा उघडलं तरी होतं का रे?"

नव्हतं. जुन्या इमारतीतले स्विच नंतर तिकडे हलवले होते. कुणीतरी इमानदारीने झॅबिक्समध्ये त्यांचा ग्रुपही बदलला होता. म्हणजे चूक कुणाचीच नाही, आणि तरी माझं अख्खं प्रकरण चुकीचं.

असं का झालं ते नीट समजून घ्या. झॅबिक्समध्ये मोजमापं आणि बिघाडांच्या नोंदी होस्टला चिकटलेल्या असतात. होस्ट कुठल्या ग्रुपमध्ये आहे याची वेगळी नोंद असते, पण तिला तारीख नसते. 'आत्ता इथे आहे' एवढंच तिला ठाऊक. तुम्ही मागच्या वर्षीचे बिघाड ग्रुपने गाळून मागवले की ते आजच्या ग्रुपप्रमाणे येतात. ऑडिट लॉगमध्ये बदल दिसतो, हे खरं. पण जुना ऑडिट लॉग ठरावीक मुदतीनंतर पुसला जातो, आणि तोवर तो उघडून बघायचं कुणाला सुचतं!

ऑपरेटरच्या बाजूने पाहिलं तर ही रचना वाईट नाही. रात्री दोन वाजता लाल दिवा लागला की त्याला यंत्र आज कुठे आहे तेच हवं असतं. एक होस्ट अनेक ग्रुपांत ठेवता येतो, तिरकी रेघ वापरून ग्रुपच्या आत ग्रुप करता येतो. झेनॉसशी तुलना करा. तिथे डिव्हाइस क्लास, ग्रुप, सिस्टिम आणि लोकेशन अशा चार वेगळ्या उतरंडी आहेत. एका यंत्राला क्लास एकच आणि लोकेशन एकच, ग्रुप मात्र कितीही. 'काय आहे', 'कुठे आहे' आणि 'कशासाठी आहे' हे प्रश्न तिथे मुळातच वेगळे ठेवलेत, आणि मला ते जास्त पटतं.

झॅबिक्सबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. होस्ट ग्रुपवर त्यांनी फार कामं लादलीत. कुणाला काय दिसणार ही परवानगी ग्रुपवर. देखभालीचा काळ ग्रुपवर लावता येतो, अलर्ट कुणाला जाणार याची अटही. २०२२ मध्ये ६.२ आवृत्ती येईपर्यंत टेम्प्लेटसुद्धा याच ग्रुपांत राहायचे! त्यामुळे पाहायच्या सोयीसाठी म्हणून तुम्ही ग्रुप हलवता आणि नकळत कुणाची तरी परवानगी बदलता. मग ॲडमिन मंडळी ग्रुपला हात लावायलाच घाबरतात. त्यातून 'जुने', 'जुने २', 'तात्पुरते' असले ग्रुप तयार होतात, आणि पुढे कुणी पीएचडीवाला येऊन त्यांना 'वर्गीकरण' म्हणतो.

गंमत म्हणजे औषधही झॅबिक्समध्येच आहे, फक्त शेजारच्या कप्प्यात. ४.२ पासून होस्टला टॅग लावता येतात. बिघाड नोंदला जातो त्या क्षणी होस्टचे टॅग त्या नोंदीवर उतरतात आणि तिथेच राहतात. 'इमारत' हा टॅग असता तर माझा तक्ता बरोबर आला असता. ग्रुपला फक्त आज कळतो, बिघाडावरच्या टॅगला तेव्हाचं आठवतं. हा फरक माहीत नसेल तर स्क्रीनवर दोन्ही गाळण्या सारख्याच दिसतात.

प्रोमिथियसमध्ये सगळं लेबलवरच चालतं, म्हणून तिकडे वळायचा मोह होईल. तिथे लेबल बदललं की नवी मालिकाच सुरू होते. इतिहास जुन्या नावाखाली शाबूत राहतो, पण त्याच स्विचचा आलेख मधूनच तुटतो आणि दोन तुकडे तुम्हाला जोडावे लागतात. यंत्राच्या वयाचा अभ्यास असेल तर हे त्रासाचं, जागेचा असेल तर सोयीचं. कुठलं सॉफ्टवेअर चांगलं हे विचारण्याआधी तुमच्या अभ्यासाचा एकक यंत्र आहे की जागा, ते ठरवा. माझं सुरुवातीला ठरलेलंच नव्हतं. सिनॉप्सिसमध्ये मी दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरलेत, आता वाचताना लाज वाटते.

(आणि एसएनएमपीच्या 'सिसलोकेशन'वर विसंबू नका. तो हाताने भरायचा मजकूर असतो. स्विच हलतो, मजकूर तसाच राहतो. माझ्याकडे नेमकं उलटं: ग्रुप आजचा, सिसलोकेशन कधीचं तरी.)

शेवटी मी संगणक केंद्राची कागदी जडवस्तू नोंदवही मागून घेतली. कुठला स्विच कधी कुठे गेला हे सिरीयल नंबरवरून लावायला तीन आठवडे गेले. ज्यांचा माग लागला नाही ते स्विच विश्लेषणातून काढले आणि का काढले ते प्रकरणात लिहिलं. आता एक छोटी स्क्रिप्ट दर रविवारी होस्ट, ग्रुप आणि टॅगची यादी तारखेसकट फाइलमध्ये टाकते. नव्या तक्त्यात वसतिगृह बरंच खाली आहे, आणि वर आलेली इमारत आमच्याच विभागाची.